आजोबांचं डेस्क विकायचंय? आधी हातातलं फडकं खाली ठेवा

सांगलीच्या गावभागात किंवा साताऱ्याच्या शनिवार पेठेत गेलात तर एखादा तरी वाडा उतरवायला काढलेला दिसतो. अंगणात सामानाचा ढीग असतो. तांब्यापितळेची भांडी किलोवर जातात, शिसवी पलंग एखादा पुतण्या आधीच सांगून ठेवतो, फडताळाची दारं कुणीतरी हॉटेलवाला मागतो. उरतं ते उतरत्या झाकणाचं एक बुटकं डेस्क. त्याचं काय करायचं हे कुणालाच ठरवता येत नाही. भंगारवाला हजार-दीड हजार म्हणतो, शेजारी म्हणतो, "अहो, नेटवर साठ हजाराला आहे असलं." या दोन आकड्यांच्या मधे घरची माणसं गोंधळून जातात.

माझ्या मामांच्या घरी गेल्या वर्षी हेच झालं. मी पोचले तेव्हा ते स्पिरिटची बाटली आणि पॉलिशपेपर घेऊनच बसले होते. "जरा चकाचक करतो, मग चार पैसे जास्त येतील," म्हणाले. मी म्हटलं, "मामा, थांबा. आधी ते डेस्क काय सांगतंय ते वाचू या." हा लेख त्या दिवशीच्या वाचनातूनच निघाला आहे.

आपण कोणत्या डेस्काबद्दल बोलतोय

आपल्याकडे जुन्या घरांत दोन प्रकारची छोटी डेस्कं सापडतात. पहिलं पेढीवरचं, जमिनीवर गादी घालून बसणाऱ्या दिवाणजींचं. उंची साधारण मांडी घातलेल्या माणसाच्या छातीपर्यंत, झाकण लिहिणाऱ्याकडे उतरतं, वरच्या सपाट पट्टीवर दौतीची जागा आणि टाक ठेवायची खोबण, झाकणाखाली कीर्द-खतावणी आणि रोकड ठेवायची पेटी. दुसरं म्हणजे दौऱ्यावर जाणाऱ्या साहेबाची लिहायची पेटी: कोपऱ्यांना पितळी पत्रे, बंद केली की चौकोनी, उघडली की दोन्ही अर्धी मिळून कापड किंवा चामडं लावलेली उतरती पाटी होते. संस्थानी कारभाऱ्यांच्या, वकिलांच्या घरांत ही दुसरी पेटी हमखास असे.

मामांचं डेस्क पहिल्या जातीचं. त्यांच्या आजोबांची गणपती पेठेत हळदीची अडत होती, तिथलं.

जुनं म्हणजे अँटिक का?

बाजारात ज्याला त्याला अँटिक म्हणतात. कायद्यात मात्र रेघ आखलेली आहे. 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा, जो 5 एप्रिल 1976 पासून लागू झाला, तो किमान 100 वर्षं जुन्या कलाकुसरीच्या वस्तूला पुरातन वस्तू मानतो. शास्त्र, इतिहास, साहित्य किंवा सौंदर्य यांपैकी कशाच्या तरी दृष्टीनं मोल असलेल्या हस्तलिखिताला 75 वर्षं पुरतात. म्हणजे ही रेघ दरवर्षी एक पाऊल पुढे सरकते. 1927 साली घडवलेलं डेस्क 2026 मध्ये नुसतं जुनं असतं आणि 2027 मध्ये पुरातन होतं.

पण वय ही किमतीची फक्त एक बाजू. शंभर वर्षांपूर्वी साधी, कामचलाऊ डेस्कंही पुष्कळ बनली. साधं लाकूड, घाईची कारागिरी, पुढे तीनदा दुरुस्ती, असं शंभरीचं डेस्क एखाद्या साठ वर्षांच्या उत्तम शिसवी डेस्कापेक्षा स्वस्त जाऊ शकतं.

एका डेस्काच्या चार किमती

गोंधळ इथेच सुरू होतो, म्हणून हळदीच्या उदाहरणानं सांगते. शेतकऱ्याला सौद्यात मिळणारा भाव, अडत्याकडून व्यापाऱ्यानं घेतलेला भाव, पॉलिश केलेल्या हळकुंडाचा भाव आणि दुकानातल्या पुडीवर छापलेला भाव. हळद तीच, आणि चारही भाव खरे. पुडीवरचा भाव वाचून कोणी शेतकरी सौद्यात तोच मागत नाही, कारण मधे कोणाचं काय खर्चलं हे त्याला ठाऊक असतं.

डेस्काचंही तसंच. व्यापारी तुमच्याकडून घेतो ती एक किंमत, तो दुकानात लावतो ती दुसरी. तुम्ही थेट वापरणाऱ्याला विकलंत तर मिळणारी किंमत या दोन्हींच्या मधली. चौथी विम्याची, म्हणजे तसंच दुसरं डेस्क बाजारातून शोधून आणायला किती लागतील ती. ही बहुधा सर्वांत मोठी असते. घाईत, आठ दिवसांत वाडा रिकामा करायचाय म्हणून दिलेला भाव तर या चारांतही बसत नाही. मूल्यांकन करून घेताना "किंमत किती?" असं मोघम विचारू नका. "व्यापारी किती देईल आणि थेट गिऱ्हाईक किती देईल?" असं विचारा.

हिशेब कळावा म्हणून काही आकडे कल्पनेनंच घेऊ. दुकानात वीस हजारांना जाईल असं डेस्क आहे. व्यापाऱ्याला सांगलीहून न्यायचं भाडं दोन हजार, सांधे आवळून घ्यायला अडीच हजार, शिवाय ते गिऱ्हाईक येईपर्यंत वर्षभरही दुकानात जागा अडवून बसेल. त्यानं आठ-नऊ हजार म्हटले तर तो लुबाडत नाहीये. तीन हजार म्हटले तर मात्र उठून या.

डेस्क पालथं घाला

वय शोधायचं असेल तर वरची बाजू सगळ्यांत शेवटी बघा. वरून लोकांनी शंभर वेळा पुसलेलं, रंगवलेलं असतं. खरी माहिती तळाला, पाठीला आणि खणाच्या आतल्या अंगाला असते, कारण तिथे कोणी हात लावत नाही.

आम्ही गादीवर चादर घालून डेस्क पालथं केलं. पहिल्यांदा सांधे पाहिले. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत अडकवायला पारव्याच्या शेपटीसारखे, टोकाकडे रुंद होणारे दात कापतात. सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. यंत्रानं कापलेले दात एका मापाचे, शिस्तीत उभे. हातानं कापलेले थोडे लहानमोठे, आणि निरखून पाहिलं तर फळीवर सुतारानं मारलेली आखणीची बारीक रेघही राहिलेली असते. मामांच्या डेस्कात ती रेघ होती. मामा तिच्यावरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसले.

मग करवतीच्या खुणा. हातकरवतीच्या खुणा सरळ पण अंतरानं कमीजास्त, गोल फिरणाऱ्या यंत्रकरवतीच्या कमानीसारख्या वाकड्या. इथे एक सावधगिरी हवी. फर्निचरवरची इंग्रजी पुस्तकं वाचून लोक म्हणतात, हातकाम दिसलं म्हणजे दीडशे वर्षं नक्की. आपल्याकडे सुतार विसाव्या शतकातही पुष्कळ काळ हातानंच फळ्या कापत होते. विलायतेचं कोष्टक सांगलीच्या सुताराला लावलं की वय पन्नास वर्षांनी चुकू शकतं.

खिळे आणि स्क्रू जास्त प्रामाणिक असतात. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला आले. त्याआधीचे बोथट टोकाचे आणि डोक्यावरची खाच बऱ्याचदा मध्यापासून सरकलेली. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात अमेरिकेत निघाले. फुलीचा स्क्रू दिसला की बिजागरी नंतर बदलली असं समजावं, पण सगळं डेस्कच नवं आहे असा निष्कर्ष काढू नये. शेजारी जुन्या स्क्रूचं बुजलेलं भोक दिसतंय का ते बघा. चिकटवणीचंही तसंच. पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत, तो पिवळट तपकिरी आणि काचेसारखा ठिसूळ. पांढरट, रबरी थर दिसला तर तो फेविकॉलसारख्या चिकटवणीचा, आणि फेविकॉल 1959 मध्ये आलं. मामांच्या डेस्काच्या मागच्या पायाला तसा थर होता. मामांना लगेच आठवलं, त्यांच्या लहानपणी तो पाय निखळला होता.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती खूण लाकडाच्या आकसण्याची. आषाढात दार फुगतं, चैत्रात मोकळं होतं हे आपण घरोघरी बघतो. लाकूड हे हलणं-फुगणं रेषांच्या आडव्या दिशेनं करतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. त्यामुळे रुंद फळी वर्षानुवर्षं किंचित अरुंद होत जाते, दोन फळ्यांमधे फट पडते, चारही बाजूंनी पक्की ठोकलेली असेल तर मधोमध चिरते. "शंभर वर्षांचं" म्हणून दाखवलेल्या डेस्काची रुंद फळी कुठेही आकसलेली नाही, एकही फट नाही, तर मला शंका येते.

नकली माल ओळखायला किडीची भोकंही कामाला येतात. घुण लाकूड पोखरून बाहेर पडतो तेव्हा पृष्ठभागावर फक्त गोल टाचणीएवढं भोक दिसतं, त्याचे आडवे बोगदे आतच राहतात. पृष्ठभागावर जर बोगद्याच्या उघड्या नाल्या दिसत असतील, तर ती फळी किडल्यानंतर कापली आहे. म्हणजे जुनं लाकूड वापरून नवं डेस्क केलंय.

पॉलिशबद्दल, जरा सविस्तर

जुन्या लाकडावर वर्षांचं ऊन, हाताचं तेल, शाईचे डाग आणि जुनं पॉलिश मिळून एक गडद, खोल रंग चढतो. जाणकार त्याला पॅटिना म्हणतात. मी झाक म्हणेन. ही झाक विकत मिळत नाही आणि एकदा घासली की परत येत नाही. जाणत्या गिऱ्हाइकाला तीच हवी असते.

मामांच्या घरी अशीच दोन डेस्कं होती. मोठं डेस्क काही वर्षांपूर्वी एका पॉलिशवाल्याला दिलं होतं. त्यानं यंत्रानं घासलं, खोबणीतले शाईचे डाग काढले, लांबी भरली आणि वर चकचकीत पीयू मारलं. पीयू म्हणजे प्लॅस्टिकसारखा कडक थर देणारं आधुनिक पॉलिश. नंतर ते बघायला आलेल्या जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्यानं झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "हे आता नव्या फर्निचरच्या भावानं जाईल." मामांना ते अजून लागून राहिलंय. म्हणून धाकट्याच्या बाबतीत मी त्यांचा हात धरला.

जुनं पॉलिश बहुधा लाखेचं असतं. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या लाखेच्या किड्यांचा चिकट स्राव गोळा करतात, तो शुद्ध करून चपडा होतो, आणि तो स्पिरिटमधे विरघळवून कापडाच्या बोळ्यानं पातळ थरांवर थर देतात. गरम चहाचा कप ठेवल्यावर पांढरं वर्तुळ उठतं ते याच पॉलिशवर. ओळखायची रीत सोपी: तळाला, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीनं स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर लाख, काहीच झालं नाही तर बहुधा पीयू किंवा तसलंच आधुनिक काही. लाखेचा मोठा गुण म्हणजे नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे जुनं न खरवडता ते जागं करता येतं. आपल्या जिल्ह्याचं भाग्य असं की हे काम जाणणारे हात जवळ आहेत. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घराणी लाखेच्या पॉलिशवर पिढ्यान् पिढ्या काम करत आली आहेत. गरज पडलीच तर तिथे विचारा, आणि "घासू नका" हे वाक्य पहिल्यांदा बोला.

विकण्याआधी करायचं ते एवढंच: मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडणं. पितळेच्या कडीला चिंच किंवा पितांबरी लावू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला वहीपूजनाचं कुंकू, "श्री", स्वस्तिक असेल तर ते तसंच राहू द्या. ते डेस्काचं कूळ सांगतं.

पुरात भिजलेलं असेल तर?

सांगलीत हा प्रश्न येणारच. 2005, 2019, 2021. आणि 2019 च्या ऑगस्टमधे तर आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. मामांच्या घरातही शिरलं. पुराच्या पाण्यानं सरस विरघळतो, सांधे सुटतात, पायांवर पाण्याची रेघ राहते. सुटलेले सांधे हे डेस्काचं मरण नाही, पुन्हा सरस लावून बसवता येतात. पातळ पापुद्रा चिकटवलेली पेटी मात्र भिजली की पापुद्रा उचलतो आणि ती दुरुस्ती महाग पडते. रेघ लपवू नका, सांगून विका. कीड असेल तर ती जुनी की चालू ते बघा: डेस्काखाली काळा कागद अंथरा, आठवड्यानं ताजी पिठूळ भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. सागवानात घुण सहसा कडेच्या फिकट भागातच राहतो, गाभ्यात जात नाही, म्हणून दोन-चार भोकांनी घाबरायचं कारण नाही.

कुळकथा, म्हणजे डेस्काचा सातबारा

जमिनीचा भाव नुसत्या मातीवर ठरत नाही, सातबारा स्वच्छ लागतो. डेस्क कुणासाठी, कुठे, कधीपासून होतं हे सांगणारा पुरावा असला की तेच डेस्क दुसऱ्या दर्जाचं होतं. "आमच्या आजोबांचं आहे हो" हा पुरावा नाही. पेढीतला जुना फोटो ज्यात डेस्क दिसतंय, जुनी पावती, वाटणीपत्रातली नोंद, हे पुरावे.

मामांच्या डेस्कात खण पूर्ण बाहेर काढल्यावर मागे हात घातला, तर एक पातळ फळी सरकली. चोरकप्पा. आत जॉर्ज राजाचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड, त्यावर 1927 चा शिक्का, आणि मोडीतल्या दोन चिठ्ठ्या. खणाच्या सांध्यात पिवळी भुकटी दाटून बसली होती. सुईनं कणभर काढून कागदावर घेतली आणि चुन्याची निवळी लावली, लालभडक झाली. घरी कुंकू करणाऱ्या आजीला यात नवल वाटलं नसतं, हळदीला चुना लागला की हेच होतं. (निवळी लाकडाला लावू नका, कागदावरच.) पोस्टकार्डानं डेस्क 1927 चं ठरत नाही, ते नंतरही ठेवलं गेलं असेल. पण हातचे डव्हटेल, टोकदार स्क्रू, हळद आणि पोस्टकार्ड हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं: विसाव्या शतकाची पहिली तीस वर्षं, हळदपेढीवरचं काम. प्रामाणिक मूल्यांकनात असा पल्लाच मिळतो. नेमकं साल कुणी छातीठोक सांगत असेल तर पुरावा मागा.

कागद सापडले तर ते डेस्काबरोबर विकू नका. आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा. इतिहासाचार्य राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं आपल्या शेजारच्या वाईतल्याच एका घरात मिळाली होती. 1910 मध्ये त्यांनी स्थापन केलेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ असे कागद आजही जपतं.

कायद्याची भीती किती बाळगायची?

घरातलं एक डेस्क देशातल्या देशात विकायला भीतीचं कारण नाही. पुरातन वस्तू विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. म्हणून शंभरीपुढची वस्तू घेणाऱ्या व्यापाऱ्याला परवान्याबद्दल जरूर विचारा. घरोघरच्या वस्तूंची सक्तीची नोंदणी मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांना आहे, साध्या डेस्काला नाही. लाकडात मूर्ती कोरलेल्या असतील तर विक्रीआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

तीन ठिकाणी मात्र पाय घसरतो. पुरातन वस्तू परदेशी पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. अमेरिकेतल्या मुलाकडे न्यायचं तर ती वस्तू पुरातन नाही असा पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला लागेल. शिसवी असेल तर आणखी एक अडचण: 2017 पासून शिसवाच्या जातीची लाकडं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत. आणि हस्तिदंताचं जडावकाम असेल, मग ते कितीही जुनं असो, तर विक्रीचा विचारच सोडा. वन्यजीव कायद्यानं हस्तिदंताचा व्यापार बंद आहे.

आयकराचं विचाराल तर घरात स्वतःच्या वापरात असलेलं फर्निचर भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. कलाकृती धरतात. रक्कम मोठी असेल तर सीएंना विचारून घ्या.

"पण नेटवर तर साठ हजार लिहिलंय"

लिहिलंय, विकलं गेलेलं नाही. मागितलेली किंमत म्हणजे मालकाची इच्छा. तीच जाहिरात सहा महिन्यांनी पुन्हा बघा. तशीच असेल तर तो भाव कुणाला पटलेला नाही.

"मूल्यांकन करणाराच विकत घेतो म्हणाला तर?"

तर ते मूल्यांकन नव्हतं, सौद्याची सुरुवात होती. किंमत सांगणारा आणि घेणारा वेगळा असावा, त्याची फी आधी ठरलेली असावी, आणि ती डेस्काच्या किमतीच्या टक्क्यांत नसावी. नाहीतर मोठा आकडा सांगण्यात त्याचा फायदा. एका छोट्या पेढीच्या डेस्कासाठी मोठ्या फीचा तज्ज्ञ परवडत नाही हेही खरं. मग तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना दाखवा आणि एकाचा भाव दुसऱ्याला सांगू नका. तीन आकड्यांवरून बाजार कळतो.

विकायला कुठे?

मुंबईत जोगेश्वरी-ओशिवरा आणि चोर बाजार ही जुन्या फर्निचरची मोठी ठिकाणं. तिथे माल जाणणारे आहेत, पण वाहतूक तुमच्या भावातून वजा होते. वाई-मेणवलीकडे चित्रीकरणं चालतात, कलादिग्दर्शकांना असली डेस्कं लागतात आणि काही जण भाड्यानंही घेतात. नामांकित लिलावगृहं साधं पेढीचं डेस्क सहसा घेत नाहीत, तिकडे वेळ घालवू नका. थेट गिऱ्हाईक शोधायचं तर फोटो चांगले काढा: समोरून, पाठीमागून, तळाकडून, खणाचा सांधा, कुलूप, आणि प्रत्येक दोषाचा जवळून एक. शेजारी मोजपट्टी ठेवा. समोरचा "पैसे पाठवतो, फक्त पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवा. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.

त्याआधी घरातलं एक काम उरतं. डेस्क आजोबांचं असेल तर ते एकट्या मामांचं नसतं. मामांनी दोन्ही बहिणींना फोन केला, आकडा सांगितला, होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतला. मगच जाहिरात टाकली.

ते पुण्यातल्या एका हिशेबनिसानं घेतलं, भंगारवाल्याच्या भावाच्या आठपट पैसे देऊन. चोरकप्प्यातली पोस्टकार्ड-चिठ्ठी मामांनी ठेवून घेतली, पण पोस्टकार्डाची झेरॉक्स आणि स्वतःच्या हातानं लिहिलेली एक पानभर हकिकत खणात ठेवली: पेढी कुठे होती, पाय कधी निखळला, 2019 चं पाणी कुठवर आलं. पावतीवर किल्लीचीही नोंद केली. गाडी निघताना त्या माणसानं एकच विचारलं, "खोबणीतले शाईचे डाग मुद्दाम ठेवलेत ना?"